लघवीतला लाल रंग आणि घट्ट झालेलं रक्त : यान वाल्डेनस्ट्रॉम यांच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला पॉर्फिरिया, म्हणजे शरीरात लाल रंगद्रव्य तयार होण्याच्या साखळीतला बिघाड, असल्याचं कळलं, की नातेवाईक आधी गोंधळतात. नावच ऐकलेलं नसतं. मग एकेक प्रश्न सुरू होतात, आणि पॅथॉलॉजीच्या कामात असल्यामुळे त्यातले बरेच माझ्यापर्यंत येतात. उत्तर देताना दर वेळी मी एकाच स्वीडिश डॉक्टरांच्या कामापाशी पोचते. म्हणून इथली उत्तरंही त्यांच्याच आधाराने दिली आहेत.

हे वाल्डेनस्ट्रॉम कोण?

यान वाल्डेनस्ट्रॉम यांचा जन्म १७ एप्रिल १९०६ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. घर डॉक्टरांचंच होतं. आजोबा उप्साला विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक, वडील हेनिंग हाडांचे डॉक्टर. लहान मुलांच्या खुब्याच्या आजारावरचं त्यांचं काम अस्थिरोगतज्ज्ञ आजही शिकतात. यान उप्सालात शिकले आणि म्युनिकला जाऊन हान्स फिशर यांच्याकडे रसायनशास्त्राचं काम शिकून आले. रक्तातल्या लाल रंगद्रव्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केल्याबद्दल १९३० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेच हे फिशर. वॉर्डातला डॉक्टर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली राबून परत वॉर्डात आला, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं असं मला वाटतं. १९५० पासून १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते माल्मोच्या सार्वजनिक रुग्णालयात होते. १९९६ साली ते वारले. रक्त घट्ट करणाऱ्या एका कर्करोगालाही त्यांचंच नाव आहे, त्याबद्दल पुढे येईल.

पॉर्फिरिन म्हणजे काय?

आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे, आणि हिमोग्लोबिनचा लाल भाग म्हणजे हीम. चार कड्या गुंफून केलेलं एक वर्तुळ, आणि मधोमध लोहाचा एक अणू. यातलं लोखंड वगळून उरलेलं वर्तुळ म्हणजे पॉर्फिरिन. झाडांच्या पानातलं हरितद्रव्य याच घडणीचं आहे, फक्त तिथे मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम असतं.

शरीर हीम आठ पायऱ्यांत तयार करतं आणि प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम, म्हणजे ती रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, लागतं. सुरुवात होते ग्लायसिन या अगदी साध्या अमिनो आम्लापासून. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन यांनी जड नायट्रोजनची खूण लावलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत स्वतःच खाल्लं आणि पुढे कित्येक आठवडे स्वतःचं रक्त काढून तपासलं. खुणेचा नायट्रोजन हीममध्ये सापडला. शिवाय ती खूण किती दिवस टिकते यावरून माणसाची तांबडी पेशी साधारण १२७ दिवस जगते हेही त्याच रक्तातून समजलं.

मग पॉर्फिरिया हा रक्ताचाच आजार ना?

पूर्णपणे नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात आधी दूर करायला हवा. आठांपैकी एखादं एन्झाइम कमी पडलं की त्याच्या अलीकडचा कच्चा माल साचतो. साचलेला माल कोणता, त्यावर आजाराचा प्रकार ठरतो. शरीरातलं बहुतेक हीम अस्थिमज्जेत तयार होतं, उरलेलं मुख्यतः यकृतात. काही प्रकारांत बिघाड अस्थिमज्जेत असतो. त्यात जन्मापासून उन्हाने कातडी फोडांनी भरते आणि तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं. वाल्डेनस्ट्रॉम यांनी ज्याचा अभ्यास केला त्या तीव्र प्रकारात बिघाड यकृतात असतो. या रुग्णाचं हिमोग्लोबिन बहुधा व्यवस्थित असतं, कातडीलाही काही होत नाही. त्रास होतो तो मज्जातंतूंना, आणि पोटदुखीचे झटके येतात.

त्यांनी नेमकं काय शोधलं?

१९३७ साली त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात १०३ रुग्ण होते. ज्या आजाराचा एखादाच रुग्ण डॉक्टरच्या अख्ख्या आयुष्यात दिसायचा, त्याचे शंभराहून जास्त रुग्ण एका तरुण डॉक्टराने जमवले. त्यातले पुष्कळ उत्तर स्वीडनचे, लॅपलँडकडचे. लांब अंतरं, विरळ वस्ती, पिढ्यानपिढ्या एकाच भागात राहिलेली कुटुंबं. वाल्डेनस्ट्रॉम यांनी रुग्ण पाहून समाधान मानलं नाही. भाऊ, बहिणी, मुलं, चुलत नातेवाईक असे धागे जोडत वंशावळ्या मांडल्या आणि धडधाकट दिसणाऱ्या नातेवाइकांचीही लघवी तपासली. कधीही पोट न दुखलेल्या काही जणांच्या लघवीतही तोच दोष सापडला. आजार घराण्यातून उतरतो, आणि तो अंगात असूनही माणूस ठणठणीत राहू शकतो, हे यातून दिसलं. तिथलं आर्येप्लोग हे गाव आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत हा दोष असलेली माणसं आजही जगात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा खूप जास्त आहेत. तिथल्या बहुतेक कुटुंबांत जनुकातला बदलही एकच सापडतो, कारण तो फार पूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आलेला आहे.

दुसरी गोष्ट रसायनाची. लघवी लाल होते म्हणून सगळे लाल रंगाच्याच मागे लागले होते. वाल्डेनस्ट्रॉम यांनी रंग येण्याआधीची लघवी पाहिली. तिच्यात रंगहीन असा एक पदार्थ होता. एर्लिख यांचं द्रावण (प्रयोगशाळेतलं तपासणीचं एक रसायन) घातलं की तो लाल व्हायचा, आणि आम्ल, उजेड, वेळ मिळाला की त्यातूनच पॉर्फिरिन बनायचं. १९३९ साली बो वाल्क्विस्ट यांच्यासोबत त्यांनी त्याला नाव दिलं पॉर्फोबिलिनोजेन. हा पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात हाती यायला मात्र १९५२ साल उजाडलं. आपल्याला आज हीमच्या साखळीतली एक कडी म्हणून जो पदार्थ शिकवतात, तो आधी आजारी माणसाच्या लघवीत सापडला होता.

लघवी लाल दिसली म्हणजे पॉर्फिरिया का?

नाही. बीट खाल्लं, टीबीवरची रिफाम्पिसिनची गोळी चालू आहे, मुतखड्याने रक्त जातंय, अशी कितीतरी कारणं त्याआधी येतात. पॉर्फिरियाची खूण वेगळी आहे. ताजी लघवी बहुधा नेहमीसारखी पिवळी असते. मी शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत अशी एक नळी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात राहिली होती. सकाळी ती साधी होती. दुपारी डबा खाऊन परत आलो तर नळीत कोकमाचं आगळ भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. पुस्तकात वाचलेलं ते वाक्य मला त्या दिवशी खरं वाटलं.

तपासणी कशी करतात? कधी करायची?

पोटात कळा चालू असतानाच. हे मी दोनदा सांगते, कारण इथेच सगळं निसटतं. झटका ओसरून महिना झाल्यावर दिलेल्या नमुन्यात पॉर्फोबिलिनोजेन पुष्कळ कमी झालेलं असू शकतं. कळा चालू असताना घेतलेला एक साधा नमुना पुरतो, चोवीस तासांची लघवी गोळा करत बसायची गरज नाही. बाटलीला काळा कागद किंवा फॉइल गुंडाळायचं, उजेड लागू द्यायचा नाही, आणि नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचा. कळा चालू असताना पॉर्फोबिलिनोजेन वाढलेलं नसेल, तर तीव्र पॉर्फिरिया जवळपास नाहीच असं म्हणता येतं.

जुनी पद्धत अजून काही ठिकाणी करतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सेसिल वॉटसन आणि सॅम्युएल श्वार्ट्झ यांनी ती १९४१ साली बसवली. लघवीत तेवढंच एर्लिखचं द्रावण घालायचं, मग सोडियम अॅसिटेट, मग क्लोरोफॉर्म. नळी हलवून स्थिर ठेवली की क्लोरोफॉर्म तळाशी बसतो. कावीळ वगैरे कारणांनी लघवीत आलेल्या युरोबिलिनोजेनचा रंग खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. पॉर्फोबिलिनोजेनचा गुलाबी रंग मात्र वरच्या पाण्यातच राहतो. ही झाली प्राथमिक तपासणी. ती होकारार्थी आली तर नेमकं प्रमाण मोजून खात्री करून घ्यायलाच हवी.

निदान व्हायला इतकी वर्षं का लागतात?

कारण हा आजार दुसऱ्या आजारांची सोंगं घेतो. भयंकर पोटदुखी, उलट्या, बद्धकोष्ठ, नाडी जलद, रक्तदाब वाढलेला. सोनोग्राफी स्वच्छ, सीटी स्कॅन स्वच्छ. पोट दाबून पाहिलं तर रुग्ण सांगतो त्या मानाने मऊ. मग अपेंडिक्स काढलं जातं आणि दुखणं तसंच राहतं. काहींना झोप लागत नाही, भास होतात, बडबड सुरू होते. रक्तातलं सोडियम घसरून फिट येते. हातापायांतली ताकद जाते, आणि वेळ हातची गेली तर श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. स्त्रियांमध्ये, विशेषतः विशी ते चाळिशीत आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत, झटके जास्त येतात.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तरुण सून, दर महिन्याला पोट धरून लोळते, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मधूनच असंबद्ध बोलते. कुणी म्हणतं नाटक करते, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, आणि गाडी देवऋषाच्या दारात जाते. मी हे पाहिलं आहे, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. तिचं दुखणं खरं असतं, आणि ते एका बाटलीभर लघवीत मोजता येतं.

कोणत्या गोष्टींनी झटका येतो?

काही औषधं, उपासमार, संप्रेरकांतले बदल, दारू, धूम्रपान, जंतुसंसर्ग.

औषधांचा इशारा या आजाराइतकाच जुना आहे. १८८९ साली ॲमस्टरडॅममध्ये स्टोकव्हिस यांनी सल्फोनल हे झोपेचं औषध घेतलेल्या एका वृद्ध बाईची गडद लाल लघवी नोंदवली होती. त्या बाई वाचल्या नाहीत. त्यानंतर झोपेसाठी बार्बिट्युरेट आली आणि तीही तितकीच घातक ठरली. पोटदुखीने तळमळणाऱ्याला झोप यावी म्हणून द्यायचं, आणि त्यानेच हातपाय लुळे पडायचे. आज धोक्याच्या यादीत फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही फिटवरची औषधं, सल्फा गटातली औषधं आणि रिफाम्पिसिन आहेत. फेनिटॉइनकडे लक्ष द्या. झटक्यात फिट येते, कॅज्युअल्टीत सवयीने फेनिटॉइन दिलं जातं, आणि झटका आणखी भडकतो. रिफाम्पिसिन तर आपल्याकडे क्षयरोगाच्या उपचाराचा कणाच आहे, त्यामुळे पॉर्फिरियाच्या रुग्णाला टीबी झाला तर औषधं तज्ज्ञाच्या सल्ल्याने बदलून घ्यावी लागतात. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, पेनिसिलिन आणि मॉर्फीन सहसा चालतात.

उपास केले तर चालतील का?

नाही. एकादशी, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी, यातलं काहीही ज्याला किंवा जिला तीव्र पॉर्फिरिया आहे त्यांनी करू नये. यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. उपाशी राहिलं की यकृतात हीमच्या साखळीचं पहिलं एन्झाइम जोमाने काम करू लागतं. कच्चा माल भराभर येतो, आणि तिसऱ्या पायरीवरचं एन्झाइम निम्मंच असल्याने तो तिथे तुंबतो. साखर पोटात गेली की पहिलं एन्झाइम शांत होतं. वजन उतरवण्यासाठी अचानक जेवण तोडणं हेही उपासच.

दुसरी गोष्ट बायका एकमेकींना सहज देतात. गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेला पाळी आड येऊ नये म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या. त्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं संप्रेरक असतं आणि ते झटका आणू शकतं. घरात पॉर्फिरिया असेल तर या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका.

मला आहे म्हणजे मुलांना होणारच का?

प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. पण जनुक मिळणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात एकही झटका येत नाही. वाल्डेनस्ट्रॉम यांना लॅपलँडच्या घराघरांत भेटली ती हीच माणसं. तरीही सख्ख्या नातेवाइकांची जनुक तपासणी करून घ्यावी, कारण कोणती औषधं टाळायची हे आधी कळलं तर पहिला झटकाच टाळता येतो. लग्न ठरवताना हे लपवावं का, असं आईवडील दबक्या आवाजात विचारतात. लपवू नका. ज्या घरात ती नांदणार त्या घराला माहीत नसेल, तर तिला उपास करायला लावणारे आणि चुकीची गोळी देणारे तेच असतील.

उपचार आहे का?

आहे. सौम्य झटक्यात ग्लुकोज, तोंडाने किंवा सलाईनमधून, दिवसाला ३०० ग्रॅमपर्यंत. सोडियमवर लक्ष ठेवून. झटका जोरदार असेल तर हेमिन, म्हणजे तयार हीमच शिरेतून, दिवसातून एकदा असं सहसा चार दिवस. बाहेरून हीम मिळालं की यकृत आपली साखळी मंद करतं. १९७१ साली हा उपचार पहिल्यांदा एका रुग्णावर झाला तो वॉटसन यांच्याच चमूने केला. हेमिन प्रत्येक रुग्णालयात ठेवलेलं नसतं, म्हणून ते कुठून मिळेल हे झटका नसताना शोधून ठेवावं.

ज्यांना वारंवार झटके येतात त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गिवोसिरान या औषधाला मंजुरी मिळाली. महिन्यातून एकदा कातडीखाली इंजेक्शन. पहिलं एन्झाइम बनवण्याचा संदेशच ते यकृतात खोडून टाकतं. यकृत प्रत्यारोपणाने आजार जातो, पण तो शेवटचा मार्ग. आणखी एक, पन्नाशीनंतर या रुग्णांनी दर सहा ते बारा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो.

शिशाच्या विषबाधेतही असंच होतं का?

हो, लक्षणं विलक्षण जुळतात. शिसं हीमच्या साखळीतली दुसरी पायरी आणि शेवटची पायरी अडवतं. पोटात कळा, हात लुळा पडणं, आणि जोडीला रक्त कमी होणं. बॅटरीच्या भट्टीत काम करणारा माणूस, किंवा अनोळखी ठिकाणाहून आणलेली भस्मं महिनोन्महिने घेणारा माणूस असं पोट धरून आला, तर रक्तातलं शिसं आधी मोजावं.

रक्तपिपासू माणसांच्या दंतकथा पॉर्फिरियातून आल्या, हे खरं का?

याला आधार नाही. तीव्र प्रकारात उन्हाचा त्रासही नसतो. अशा गोष्टी पुढे पाठवू नका, त्या आजाराची माणसं त्या वाचतात.

मग त्यांच्या नावाचा तो रक्ताचा कर्करोग कोणता?

वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. ही १९४४ ची गोष्ट. नाकातोंडातून रक्त येणारे, लसीकाग्रंथी सुजलेले, पांढरेफटक पडलेले दोन रुग्ण त्यांच्यासमोर होते. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, प्रचंड वाढलेला. हा मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला एक कर्करोग, असावा असं वाटावं, पण हाडं दुखत नव्हती आणि मज्जेत सापडलेल्या पेशीही मायलोमाच्या नव्हत्या. रक्तद्रव मात्र विलक्षण घट्ट होता.

वाल्डेनस्ट्रॉम उप्सालात होते हे मोलाचं ठरलं. रसायनशास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज यंत्र त्याच गावात होतं. प्रथिनं प्रचंड वेगाने फिरवायची आणि कोणतं किती लवकर खाली बसतं त्यावरून त्याचा आकार ओळखायचा, असं ते यंत्र. तिथे स्वेडबर्ग यांचे सहकारी काई पेडरसन यांच्या मदतीने दिसलं, की या रक्तात एक अवाढव्य प्रथिन आहे, ज्याचा रेणुभार दहा लाखांच्या घरात जातो. आज आपण त्याला आयजीएम म्हणतो, ते एक प्रतिपिंड आहे. एकाच जातीच्या पेशी बेसुमार वाढून एकच प्रथिन ओततात म्हणून रक्त घट्ट होतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा फुगतात, दृष्टी अंधुक होते, डोकं गरगरतं, हिरड्यांतून रक्त येतं.

पॉर्फिरियाचा आणि या आजाराचा संबंध आहे का?

नाही. एकाच डॉक्टरांनी दोन्ही ओळखले, एवढंच. एक झाला म्हणून दुसरा होत नाही.

वयस्कर आईचा ईएसआर शंभरावर आहे. हाच आजार असेल का?

ईएसआर वाढण्याची शंभर कारणं आहेत आणि आपल्याकडे त्यात जंतुसंसर्ग आणि टीबी आधी पाहावे लागतात. त्यासोबत अशक्तपणा, नाकातून वारंवार रक्त आणि अंधुक दिसणं असेल तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. त्यात प्रथिनांचा आलेख मिळतो. एखादं टोक सुळक्यासारखं उंच उठलेलं दिसलं तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. निदान झालं तरी त्रास नसेल तर औषध न देता नुसतं लक्ष ठेवलं जातं, आणि अशी वर्षंच्या वर्षं जातात. रक्त फार घट्ट झालं असेल तर यंत्रावर रक्तद्रव बदलतात. हे प्रथिन बहुतांश रक्तवाहिन्यांमध्येच राहत असल्याने त्याने लगेच आराम पडतो. २०१२ साली या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांच्या पेशींत एमवायडी८८ या जनुकातला एकच बदल सापडला. २०१५ साली इब्रुटिनिब ही गोळी अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध ठरली.

पॉर्फिरिया आहे आणि ऑपरेशन ठरलंय. काय सांगायचं?

सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना दोघांनाही वेगवेगळं भेटून सांगा, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल असं धरून चालू नका. आजाराचं पूर्ण नाव लिहिलेला कागद फाइलच्या पहिल्या पानाला लावा. भुलीचं थायोपेंटोन हे बार्बिट्युरेट आहे, ते नको. प्रोपोफॉल चालतं. ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवणार असतील तर तेवढा वेळ ग्लुकोजचं सलाईन लावायला सांगा, आणि यादीत पहिला नंबर मागून घ्या.